माझ्या वजनाचा बोर्ड

‘बोर्ड’ म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दहावी-बारावीच्या परीक्षा घेणारे बोर्ड येते. नाहीतर हजेरी कमी भरलेल्यांची नावे मिरवणारा जिन्याजवळचा नोटीस बोर्ड. वसतिगृहात राहणाऱ्यांना कॅरमबोर्ड आठवेल. पण गेले वर्षभर माझ्या डोक्यात जो बोर्ड घोळत होता तो यांपैकी कुठलाच नव्हे. तो पाण्यावर तरंगतो, त्याच्यावर शीड उभे करतात, आणि त्या शिडाचा दांडा हातात धरून माणूस उभ्या-उभ्या समुद्रावरून जातो. या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. सहली, स्नेहसंमेलने आणि क्रिकेटच्या सामन्यांबरोबर या विषयालाही वार्षिकाची चार पाने मिळाली, याबद्दल संपादक-मंडळाचे आभार मानते आणि मुद्द्याला हात घालते.

प्रथम माझी ओळख. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय अर्थशास्त्र. गाव वेंगुर्ल्याजवळचे. वडील मच्छीमार, त्यांचे वडीलही मच्छीमार. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. दोन वर्षांपूर्वी शिकायला म्हणून करंझाळ्याला मामाकडे आले. मामाच्या पगारात त्याचेच घर जेमतेम चालते. म्हणून शनिवार-रविवार आणि सुट्टीत किनाऱ्यावरच्या एका जलक्रीडा केंद्रात काम धरले. पावत्या फाडायच्या, पर्यटकांना लाइफ जॅकेट बांधून द्यायची, संध्याकाळी बोर्ड गोड्या पाण्याने धुऊन शेडमध्ये ठेवायचे. तिथल्या प्रशिक्षकांनी एकदा विचारले, “पोहता येते का?” मी हसले. गाबितांच्या पोरीला हे काय विचारायचे! त्या दिवसापासून रिकामा बोर्ड असला की मला पाण्यात उतरायची मुभा मिळाली.

वर्षभरात बोर्डवर उभे राहायला आले, पाण्यात पडलेले शीड दोरीने ओढून उभे करायला आले, जिथून निघाले तिथेच परत यायला आले. आणि मग गाडे अडले. केंद्राचे बोर्ड शिकाऊ माणसांसाठी असतात : २०५ लिटर आकारमानाचे, ९० सेंटिमीटर रुंद, एखाद्या दिवाणासारखे. त्यांच्यावर पडायची भीती नाही; पण वाऱ्याबरोबर धावायचीही सोय नाही. शिवाय ते मिळणार कधी? भूगोलात आपण सर्वांनी वाचले आहे की दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे. परीक्षेत दोन गुणांना येणारा हा प्रश्न माझ्या आयुष्यात मात्र फार मोठ्या गुणांचा ठरला. सकाळी बोर्ड रिकामे असतात, पण तेव्हा मतलई वारा. नवशिक्याला तो किनाऱ्यापासून दूर नेतो आणि नऊ-दहा वाजता मरून जातो. दुपारी एकच्या सुमारास खारा वारा उठतो, वायव्येकडून करंझाळ्याच्या वाळूवर तिरका येतो, तीन ते पाच या वेळात चांगला भरतो. आणि नेमके तेव्हा सगळे बोर्ड पर्यटकांच्या पायाखाली. मला वारा होता तेव्हा बोर्ड नव्हता, बोर्ड होता तेव्हा वारा नव्हता.

प्रशिक्षक एकदा म्हणाले, “पंधरा नॉटच्या वाऱ्यात हार्नेस बांधून वाऱ्याच्या दिशेला चढत जाऊन न चुकता परत येऊ लागलीस, तर पुढच्या मोसमात लहान मुलांचा वर्ग तुला देईन.” पावत्या फाडण्याच्या मजुरीपेक्षा ती मजुरी कितीतरी जास्त. म्हणजे आता हा नुसता हौसेचा प्रश्न राहिला नव्हता. स्वतःचा बोर्ड हवा होता. दोन वर्षांत मामीच्या हवाली ठेवून-ठेवून माझे बावन्न हजार रुपये साठले होते. पैसे एकदाच होते, आणि बोर्डही एकदाच घ्यायचा होता. ज्यांच्या घरी मुबलक आहे त्यांना चुकीचा बोर्ड परवडतो. ते वर्षाने दुसरा घेतात. माझ्यासारखीचा पहिला बोर्ड हाच चार-पाच वर्षे शेवटचा बोर्ड. म्हणून मी सहा महिने बोर्ड पाहिले नाहीत, बोर्डचा अभ्यास केला.

अभ्यास म्हटला की इतिहास आलाच. पण हा इतिहास सनावळीच्या मानाने मोठा मजेदार आहे. इंग्लंडात हेलिंग बेटावर १९५८ साली पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने फळीवर शीड बसवून पाहिले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात न्यूमन डार्बी यांनी १९६४ मध्ये असाच बोर्ड केला. त्याचे शीड त्यांच्या पत्नी नेओमी यांनी शिवले. मग कॅलिफोर्नियात विमानविद्येचे अभियंते जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७० मध्ये ते त्यांना मिळाले. पुढे पेटंटवरून इंग्लंडात खटला चालला, आणि निकालात न्यायालयाने त्या बारा वर्षांच्या मुलाच्या फळीची दखल घेऊन तिथले पेटंट अवैध ठरवले. वकील आणि अभियंते एका बाजूला आणि एका शाळकरी पोराची सुट्टीतली खटपट दुसऱ्या बाजूला!

या सर्वांनी केले काय? शिडाची काठी होडीला घट्ट न रोवता बोर्डला सांध्याने जोडली. आपल्या खांद्याचा सांधा जसा चहूबाजूंना फिरतो तसा हा सांधा. त्यामुळे सुकाणूची गरजच उरली नाही. शीड पुढे कलवले की बोर्डचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलवले की वाऱ्याकडे वळते. शीड, दोर आणि सुकाणू ही तिन्ही कामे माणसाचे शरीर करते. हा खेळ १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमध्ये आला, स्त्रियांसाठी १९९२ मध्ये बार्सिलोनाला. आपल्याकडे गोव्याची कात्या आणि डेन कोएल्हो ही भावंडे भारतातर्फे या खेळात उतरली. आणि २०२३ मध्ये हांगचौला झालेल्या आशियाई स्पर्धेत इबाद अली यांनी ‘आर.एस. एक्स’ या प्रकारात कांस्यपदक मिळवले.

आता बोर्डांच्या जाती. शर्यतीचे वेगळे, लाटांवर उड्या मारायचे वेगळे, शिकाऊ वेगळे. या सर्वांच्या मधली एक जात आहे, तिला फ्रीराइड म्हणतात. ती कुठल्याच स्पर्धेसाठी नाही. मध्यम वाऱ्यात, बऱ्यापैकी सपाट पाण्यावर सरळ आणि जलद जावे, आणि जाणाऱ्याला आनंद व्हावा, एवढाच तिचा हेतू. शिकाऊ बोर्डाच्या पोटातून डॅगरबोर्ड नावाची एक उभी फळी पाण्यात खाली सोडलेली असते. वेग कमी असताना ती बोर्डला आडवे वाहून जाऊ देत नाही. फ्रीराइडला सहसा ती नसते. तिच्या शेपटीला नुसता एक फिन असतो, माशाच्या परासारखा. वेग असला की तो फिन ते काम करतो. वेग नसला की बोर्ड वाऱ्याखाली सरकत जातो आणि शेवटी बोर्ड बगलेत मारून वाळूतून चालत परत यावे लागते. म्हणून फ्रीराइड घेण्यापूर्वी एक परीक्षा स्वतःच घ्यावी : शिकाऊ बोर्डाची ती फळी वर ओढून घेऊन आपण निघालो तिथे परत येतो की नाही? मी ही परीक्षा ऑक्टोबरपासून देत होते. डिसेंबरमध्ये दहापैकी सात-आठ वेळा उत्तीर्ण होऊ लागले, तेव्हा प्रशिक्षकांनी मान डोलावली.

पुढचा प्रश्न आकाराचा. ज्याला विचारावे त्याचे उत्तर वेगळे. एक गृहस्थ म्हणाले, “एकशेचाळीस लिटर घे, डोळे मिटून घे.” दुसरे म्हणाले, “एकशेपन्नासच्या खाली जाऊ नकोस.” दोघेही आपल्या परीने खरे बोलत होते. फक्त दोघांचीही वजने पंचाहत्तर-ऐंशी किलो होती आणि माझे बावन्न. या खेळावर लिहिलेले जे-जे वाचले त्यात बहुतेक ठिकाणी असाच एक ऐंशी किलोचा पुरुष गृहीत धरलेला. त्याला काय सोयीचे ते सर्वांना सोयीचे. मग मी वही काढून बेरीज-वजाबाकी केली. आर्किमिडीजला इथे फार काही त्रास द्यावा लागत नाही : एक लिटर आकारमान साधारण एक किलो वजन उचलते. माझे वजन ५२, शीड-काठी-दांडा ८, स्वतः बोर्ड ८, लाइफ जॅकेट, हार्नेस आणि भिजलेले कपडे २. एकूण ७० किलो. म्हणजे सत्तर लिटरचा बोर्ड मला घेऊन जेमतेम पाण्याच्या पातळीला राहील. त्याच्या वर जे उरेल ती माझी शिल्लक. शिकणाऱ्याला शिल्लक चांगली चाळीस-पन्नास लिटर हवी. कारण तो पडतो, आणि पडल्यावर डुगडुगत्या बोर्डावर उभे राहून दोरीने शीड ओढतो. प्रशिक्षकांचा ढोबळ हिशोबही तोच निघाला : पहिल्या फ्रीराइडसाठी आपल्या वजनात साठ-सत्तर मिळवावेत. बावन्न अधिक सत्तर, एकशेबावीस. ऐंशी किलोच्या माणसाला हाच नियम एकशेपन्नासवर नेऊन बसवतो. नियम एकच, उत्तरे दोन. दुसऱ्याचे उत्तर उतरवून काढले तर पाण्यात नापास.

नुसते लिटर मोजूनही भागत नाही. रुंदीही पाहावी लागते. सत्तरच्या दशकातले बोर्ड साडेतीन मीटरहून लांब असत. आताचे फ्रीराइड बोर्ड अडीच मीटरच्या आसपास, पण रुंद. रुंदीने तोल सावरतो आणि कमी वाऱ्यातही बोर्ड लवकर पाण्याच्या पाठीवर चढतो. फार रुंद झाला तर मात्र हलक्या माणसाला तो एका कडेवर दाबून वळवता येत नाही. माझ्यासारखीला बहात्तर ते शहात्तर सेंटिमीटर ठीक.

जानेवारीत एकाच आठवड्यात तीन जुने बोर्ड विकायला आहेत असे कळले, आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली.

पहिला शिकाऊ जातीचाच, १९० लिटरचा, डॅगरबोर्डसकट. अठरा हजार. वजन चांगले चौदा-पंधरा किलो. दुसरा शर्यतीचा, ९५ लिटर, रुंदी जेमतेम ६० सेंटिमीटर, काळ्या कार्बनचा. उन्हात असा चमकत होता की शेडमधली सगळी मुले त्याच्याभोवती जमली. अठ्ठावीस हजार. तिसरा फ्रीराइड, १२० लिटर, ७३ सेंटिमीटर रुंद. रंग विटलेला, नाळीवर दुरुस्तीचे ठिगळ. बत्तीस हजार.

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी संधी खर्च शिकवला तेव्हा तो मला परीक्षेपुरता समजला होता. त्या आठवड्यात तो पोटात कळला. बाबांच्या होडीचे इंजिन दोन मोसम कुरकुरत होते. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेवढ्यात, ते उघडून दुरुस्त करायचे ठरले होते. मी अठरा हजारांचा बोर्ड घेतला तर घरी द्यायला जास्त उरणार होते. बत्तीसचा घेतला तर कमी. अजिबात घेतला नाही तर सगळेच. हे मला कोणी बोलून दाखवले नाही. आमच्या घरी अशा गोष्टी बोलून दाखवत नाहीत, म्हणूनच त्या जास्त ऐकू येतात.

दोन रात्री वहीत आकडे मांडले. अठरा हजारांचा बोर्ड जे शिकवणार ते मला आधीच येत होते. म्हणजे ते अठरा हजार स्वस्त नव्हते, ते पाण्यात होते. शर्यतीच्या बोर्डावर माझी शिल्लक पंचवीस-सव्वीस लिटर. अरुंद अंगाचा, उभे राहिले की उलटणारा. पाण्यात पडून राहून वाऱ्याकडूनच स्वतःला उचलून घ्यायची विद्या ज्याला येते त्याचा तो बोर्ड. ती मला येत नव्हती. तो घेतला असता तर मी वर्षभर बोर्डावर कमी आणि बोर्डाशेजारी पोहत जास्त दिसले असते. उरला तिसरा. तो मला आजच्या आज पेलणार होता, आणि आज जे येत नाही तेही शिकवणार होता.

आता जुना माल पारखायचा. इथे मदतीला आला आजो, माझ्या आईचा बाप. वय शहात्तर. उभी हयात शिडाच्या होडीवर गेली. आता मामाच्या ओट्यावर बसून जाळी विणतो. त्याला मी मुद्दाम किनाऱ्यावर नेले. त्याने तिन्ही बोर्डांभोवती फेरी मारली आणि पहिला प्रश्न केला, “गे, ह्येका सुकाणू खंय?”

मी म्हटले, “सुकाणू नाय, आजो. शीड कलता केला काय वळता.”

“मगे ह्यो सगळो शिडाचोच खेळ,” तो म्हणाला, आणि गुडघे टेकून बसला. मग त्याने बोटाच्या पेराने बोर्ड ठोकायला सुरुवात केली. नाळीपासून शेपटीपर्यंत, वीत-वीत अंतरावर, कान लावून. होडीची फळी आतून कुसली आहे का हे तो असेच बघत असे. बोर्डाच्या आत फोम असतो आणि वर काचतंतूचे कवच. कवच फोमपासून सुटले की आवाज पोकळ येतो आणि अंगठ्याने दाबले तर ती जागा दबते. हे मी पुस्तकी भाषेत वाचले होते. आजोच्या बोटांना ते मुळातच ठाऊक होते. त्या चमकत्या काळ्या बोर्डावर, टाच टेकते त्या जागी, त्याचे बोट थांबले. आवाज बदलला. अंगठा दाबला तर पृष्ठभाग किंचित आत गेला. आजो माझ्याकडे पाहून एवढेच बोलला, “कुसलेला लाकूड रंगान बरा होणा नाय.”

तिसऱ्या बोर्डाचे ठिगळ मात्र त्याने निरखून पाहिले आणि बरे म्हटले. माणूस पुढे फेकला गेला की शिडाची काठी नाळीवर आपटते. नवशिक्यांच्या बोर्डांना ही जखम ठरलेलीच. दुरुस्ती कोरडी आणि घट्ट असली तर भिण्याचे कारण नाही. फिन बसतो ती खोबण, काठीचा सांधा बसतो ती पट्टी आणि हवेचा लहानसा स्क्रू या तीन जागा मी तपासल्या, भेगा नव्हत्या. राहिला शेवटचा संशय : आत पाणी शिरले असेल तर? त्यावर मामाने तोडगा काढला. ओळखीच्या मासळीवाल्याकडून टांगायचा काटा आणला. ज्या काट्यावर रोज इसवण आणि बांगडे तोलतात त्यावर आम्ही बोर्ड टांगला. कारखान्याने छापलेले वजन ८.१ किलो; काटा दाखवत होता साडेआठ. ठिगळ आणि पायांचे पट्टे धरले तर हिशोब जुळला. अकरा दाखवले असते तर आम्ही त्याच पावली परत फिरलो असतो.

रात्री बाबांना फोन केला. किंमत सांगितल्यावर पलीकडे जरा वेळ नुसता समुद्राचा आवाज. मग ते म्हणाले, “होडी घेवची आसली तर आमी पयलो इचार काय करतंव? किती माणसां बसतली आनी खंयच्या पाण्यात जातली. रंग मागसून बघतंव. तू ह्यो इचार केलंस?”

“केलंय.”

“मासळी हाडतली ती?”

“नाय.”

“मगे काय करतली?”

मला पटकन सुचले ते मी बोलले, “माका भायर व्हरतली आनी परत हाडतली.”

बाबा हसल्यासारखे वाटले. “होडयेन तितक्या केल्यान तरी पुरे,” असे म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला. आईने फक्त मी जेवले का ते विचारले.

ठिगळाकडे बोट दाखवून मामाने किंमत एकोणतीस हजारांवर आणली. अकरा हजारांत साडेपाच चौरस मीटरचे जुने शीड, काठी, दांडा आणि एक हार्नेस जमले. नवे घेणाऱ्यांना इथे एक सांगते : सगळे पैसे बोर्डावर घालू नका. बोर्ड नुसता तरंगतो. ओढते ते शीड. फिनही नीट असावा. माझ्या बोर्डाला चाळीस सेंटिमीटरचा आहे. उरलेले बारा हजार मी मे महिन्यात घरी नेले. बाबांनी ते इंजिनाच्या कामात घातले आणि त्याबद्दल कोणीच काही बोलले नाही.

फेब्रुवारीचे पहिले पंधरा दिवस मी वाळूतून पुष्कळ चालले. वारा दहा नॉटच्या आत असला की बोर्ड आडवा सरके, आणि मी लांब कुठेतरी किनाऱ्याला लागे. तिथून बोर्ड एकदा, शीड एकदा अशा दोन खेपा. पण साडेआठ किलोचा बोर्ड मला एकटीला उचलता येत होता, याची किंमत त्या खेपांनीच कळली. मार्चमध्ये वारा भरू लागला. एका गुरुवारी तास संपवून साडेतीनला पाण्यात उतरले. हार्नेसचा आकडा दोरीत अडकवला, अंगाचा भार हातांवरून कमरेवर गेला, एक पाय पट्ट्यात सरकवला. आणि झोत आला. तोपर्यंत बोर्ड पाणी कापत, ढकलत जात असे. त्या क्षणी तो पाण्यावर चढला. खालून येणारा छपछप आवाज थांबून कडक खडखड सुरू झाली, वाळूच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर आलेल्या सायकलसारखी. पायाखालून पाणी मागे धावत होते आणि समोर आग्वादचा किल्ला जवळ येत होता. पाचशे मीटर गेले असेन. याला प्लेनिंग म्हणतात. त्या दोनशेपाच लिटरच्या दिवाणावर मला हे कधी मिळाले नसते, आणि त्या काळ्या बोर्डावर अजून काही वर्षे मिळाले नसते.

हल्ली कोणीतरी हमखास सांगते की आता हे सगळे जुने झाले, बोर्डाखाली फॉइल लावून पाण्याच्या वरून उडायचे दिवस आहेत. खरे आहे, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंगच्या शर्यती फॉइलवरच झाल्या. पाहायला ते फार सुंदर दिसते. पण ज्याला अजून पाण्यावरून नीट जाता येत नाही त्याने पाण्याच्या वरून उडण्याची घाई का करावी? पुढे करीन कदाचित. माझा बोर्ड त्यासाठी बनलेला नाही, आणि सध्या मीही नाही. मला अजून वेगात असताना वाऱ्याकडे पाठ करून वळता येत नाही. त्या वळणाला जाईब म्हणतात आणि त्यात मी दहापैकी नऊ वेळा पडते. प्रत्येक वेळी ते शिलकीतले पन्नास लिटर मला पुन्हा उभे करतात. मला विचाराल तर पहिल्या बोर्डाकडून हीच अपेक्षा ठेवावी. तो किती जोरात जातो हे दुसऱ्यांदा विचारावे. पडल्यावर किती वेळा उभे राहू देतो हे आधी विचारावे.

लहान मुलांचा वर्ग या ऑक्टोबरपासून माझ्याकडे आला. सहा मुले आहेत. सर्वांत हलका एकोणतीस किलोचा. त्याच्यासाठी शीड दीड चौरस मीटरचे लावते, कारण मोठ्यांचे शीड त्याच्या हातात देणे म्हणजे त्याला समुद्राची कायमची भीती घालणे.

माझा धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे. पुढच्या वर्षी तो इकडे शिकायला येणार. कुठले विषय घ्यावेत, कुठले कॉलेज बरे, हे विचारायला आता घरात निदान एक माणूस आहे, याचे त्याला फार बरे वाटते. परवा फोनवर त्याने विषयांचे विचारून झाल्यावर हळूच विचारले, “ताई, तुझो बोर्ड माका चालतलो?”

मी म्हटले, “तुझा वजन कितक्या?”

“चौसष्ट.”

“मगे वही घे,” मी म्हटले, “आनी बेरीज कर.”